सीटखालचं शिसं

काट्यावर गाडी हलकी भरली तेव्हा मी आधी काट्यालाच शिव्या घातल्या, आणि त्याही मनातल्या मनात नाही. वजनाचं काम बघणाऱ्या गृहस्थांना आम्ही सगळे काटेवाले म्हणतो. माझ्यासारख्या बऱ्याच जणांना त्यांनी आजवर पचवलंय. त्यांनी गाडी खाली घ्यायला लावली, काटा शून्यावर आलेला मला दाखवला आणि गाडी पुन्हा वर चढवली. आकडा तोच. ड्रायव्हर आत बसलेला असताना गाडीचं जेवढं वजन भरायलाच हवं, त्याहून आम्ही जवळजवळ सहा किलोंनी कमी होतो.

"ताई, शे-दोनशे ग्रॅमचं असतं तर तिसऱ्यांदा घेतलं असतं," ते म्हणाले. "हे किलोंत आहे."

पात्रता फेरीत माझ्या भावाची वेळ तिसरी आली होती. ती रद्द झाली. उद्याच्या शर्यतीत त्यानं सगळ्यात शेवटून सुटायचं, असं तिथल्या तिथे ठरलं. भाऊ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मला वाटलं, माझ्यावर चिडलाय.

चिडण्यासारखंच होतं. वजन हा माझा प्रांत. जास्त वजनाला कोणी अडवत नाही, तुमची गाडी तेवढी संथ पळते, मूर्खपणा तुमचा. कमी वजन मात्र चालत नाही. म्हणून जो तो गाडी जमेल तेवढी हलकी बांधतो आणि उरलेली तूट शिशाच्या पट्ट्यांनी भरून काढतो. पट्ट्या ड्रायव्हरच्या सीटखाली बोल्टनं आवळायच्या आणि वर सील लावायचं. शर्यतीच्या आधी मी भावाला पूर्ण पोशाखात, हेल्मेटसकट, आमच्या वर्कशॉपमधल्या काट्यावर उभा करते आणि त्या हिशेबानं शिसं लावते. बाबा गेल्यापासून हे काम माझं आहे आणि त्यात माझी चूक झालेली कोणी दाखवून द्यावी.

भावाचं नाव ढब्या. लहानपणी तो इतका गुटगुटीत होता की आईला त्याला कडेवर घेऊन जिना चढता यायचा नाही. पुढे तो वाढला, बरा बांधेसूद झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता छत्तीस वर्षांच्या माणसाला शर्यतीचं धावतं वर्णन करणारेसुद्धा लाउडस्पीकरवरून ढब्या म्हणतात. त्याच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट अशीच चिकटली होती. इतकी वर्षं गाडी चालवून तो कधी पहिला आला नव्हता. दुसरा कितीतरी वेळा आला. कधी शेवटच्या लॅपला गिअर अडकला, कधी कोणी मागून ठोकलं, एकदा तर पुढे असताना वाटेत कुत्रं आलं आणि त्यानं ब्रेक मारला. कुत्रं वाचलं. लोक त्याला तोंडावर हसायचे नाहीत, पण त्याच्यासाठी पोडियमवरची दुसरी पायरी आधीच पुसून ठेवतात, असं म्हणायचे.

तंबूत आल्यावर मी शिशाची पेटी उघडली. आमचा मामा, आईचा सख्खा भाऊ, तिथेच टायर पुसत बसला होता. टायर हा त्याचा प्रांत, आणि त्यातला एकही तो दुसऱ्याला उचलू देत नाही. पेटीत लहान पट्ट्यांचा कप्पा अर्धा रिकामा होता.

"मामा, यातल्या पट्ट्या कुठे गेल्या?"

"मला काय विचारतेस? मी काय शिसं खातो?"

ढब्या एका टायरवर बसून घाम पुसत होता. त्याला कोरडा टॉवेल द्यावा म्हणून मी त्याची बॅग ओढली, तर बॅग जागची हलेना. आत कापडी पट्टा होता, जाड शिवलेला, त्याला ओळीनं खिसे केलेले, आणि प्रत्येक खिशात माझी एकेक पट्टी. मी तो दोन्ही हातांनी बाहेर काढला. मामानं पुसायचं थांबवलं.

"हा मी गुरुवारी कमरेला बांधला होता," ढब्या म्हणाला. "तू वजन घेतलंस तेव्हा. पोशाखाच्या आत."

"आणि आज?"

"आजही बांधणार होतो. गाडीत बसल्यावर दुखायला लागलं, म्हणून काढून ठेवला. पात्रतेनंतर सगळ्यांना काट्यावर नेत नाहीत ना. चिठ्ठ्या टाकून चार-पाच गाड्या नेतात. म्हटलं, आपली कशाला निघतेय." तो हसायला गेला. "आपलं नशीब तुला माहीत आहे."

"पण का? कुणाला फसवत होतास?"

"तुला."

त्यानं पोशाखाची चेन खाली ओढली आणि आतला बनियन वर केला. पुढचं काही त्याला सांगावं लागलं नाही. मधल्या काळात त्याचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, डाएट करतोय, आणि मी मूर्खासारखं त्याचं कौतुक केलं होतं. जे लपवता येणार नव्हतं ते त्यानं डाएटच्या नावावर खपवलं आणि बाकीचं पट्ट्यात भरलं. बरगड्या मोजता येत होत्या. पोटाच्या उजव्या बाजूला मात्र थोडी सूज होती.

पोटात गाठ होती. त्याला महिनाभर माहीत होतं. मंगळवारी ऑपरेशन ठरलं होतं आणि त्याची कुणाला गंधवार्ता नव्हती. उघडल्याशिवाय काही सांगता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. कितीपत आशा आहे असं त्यानं खोदून विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला होता.

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामा उठून तंबूच्या बाहेर गेला आणि पाठ करून उभा राहिला. शेवटी मी म्हटलं, सामान भर, घरी चल, आत्ताच्या आत्ता.

"ताई, उद्याचा दिवस दे," ढब्या म्हणाला. "एकदा पहिला येऊ दे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

हे तो शांतपणे म्हणाला. रडला असता, भांडला असता, तर मी त्याला कान धरून नेलं असतं. पण 'मग काय व्हायचं ते होऊ दे' हे त्यानं शेवटचं काम उरकायला निघालेल्या माणसाच्या सुरात म्हटलं. मला त्याचा स्वभाव माहीत आहे. नऊ वर्षांचा असताना त्याचा ताप मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन मनाची तयारी करायला सांगितली होती. त्या आधी तो अंगणात बेअरिंगची गाडी बनवत होता. तीन चाकं बसली होती, चौथं राहिलं होतं. तापात जरा शुद्ध आली की तो एकच विचारायचा, माझ्या चाकाला कुणी हात लावला नाही ना? आई म्हणायची, नाही रे बाळा, तसंच आहे. मग तो पुन्हा बेशुद्ध व्हायचा. वाचला तो. औषधानं वाचला असेल, पण आईचं शेवटपर्यंत म्हणणं होतं की चौथं चाक राहिलं होतं म्हणून हा परत आला. मीही ते मानते. हा माणूस काम अर्धं टाकून कुठेही जात नाही.

आणि आता त्याचं एकच काम राहिलं होतं. ते उद्या झालं, की मंगळवारी तो मोकळ्या मनानं त्या टेबलावर झोपणार होता. मला तो मोकळ्या मनानं झोपायला नको होता. त्यानं जिंकू नये, दुसरा यावा, दहावा यावा, चडफडत घरी यावा, त्या चडफडीतच ऑपरेशनला जावा आणि त्याच चडफडीनं परत यावा, असं मला वाटलं. वेडेपणा म्हणा हवं तर. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

"बरं," मी म्हटलं. "चालव."

मी इतक्या पटकन कबूल होईन असं त्याला वाटलं नव्हतं. तो माझ्याकडे संशयानं बघत राहिला.

"दोन अटी. इथल्या डॉक्टरांना सगळं सांगायचं, आणि ते हो म्हणाले तरच. आणि प्रत्येक लॅपला रेडिओवर मला हजेरी द्यायची. शाळेत द्यायचास तशी. एक हजेरी चुकली तर मी आत बोलावणार."

"देतो."

संध्याकाळी मी त्याला नुसत्या चड्डी-बनियनवर काट्यावर उभा केला, मग पोशाख आणि हेल्मेट वेगळं तोललं. त्याच्या अंगातून जेवढं वजन गेलं होतं, तेवढं शिसं मी सीटखाली लावलं. घाम जाईल म्हणून थोडं वर. इथवर ठीक होतं. मग मी पेटीतल्या मोठ्या पट्ट्या काढल्या आणि आणखी आठ किलो लावले. आमच्या शर्यतीत आठ किलो म्हणजे प्रत्येक लॅपला मागे ओढणारा हात. शेवटून सुटून पहिला येणं तसंही अशक्यातलं होतं, पण ढब्याच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नव्हता.

मामा शेजारी पाना घेऊन उभा होता. "अगं, जास्त होतंय."

"मला मोजता येतं."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, पट्ट्यांकडे बघितलं, आणि तेरा नंबरचा पाना माझ्या हातात दिला. मी बोल्ट आवळले. नंतर सील लागलं.

रविवारी दुपारी मैदानावरच्या डॉक्टरांनी ढब्याला तपासलं, रक्तदाब बघितला, डोळ्यांत बॅटरी मारली, आपसात बोलले आणि नाखुशीनं सही केली. त्यांनी नाही म्हणावं म्हणून मी दाराबाहेर उभी राहून देवाला साकडं घालत होते, ते देवानं ऐकलं नाही. गाड्या रांगेत लागल्या. बावीस गाड्यांमध्ये आमची बाविसावी. तिच्यामागे फक्त रुग्णवाहिका.

"मागे कोण आहे माहीत आहे ना?" मी रेडिओवर म्हटलं.

"सोय चांगली आहे," तो म्हणाला.

सुटण्याच्या खुणेचे लाल दिवे विझले आणि सगळ्या गाड्या एकदम पहिल्या वळणावर तुटून पडल्या. तिथे नेहमी होतं तेच झालं. मधल्या दोघांनी एकमेकांना घासलं, एक आडवी झाली, तिला आणखी तीन जण जाऊन धडकले. ढब्या शेवटी होता म्हणून त्याला ते सगळं आधीच दिसलं. तो डावीकडच्या गवतावरून अलगद बाहेर पडला आणि काही न करता सतरावा झाला.

"हजर," तो म्हणाला. मागे इंजिनाचा आवाज होता आणि त्याच्या श्वासाचाही.

पुढच्या लॅपला पुन्हा हजर. त्याच्या पुढच्या लॅपला तो म्हणाला, "ताई, गाडी जड लागतेय."

"टायर तापू दे."

"तापलेत. ब्रेक मारला की थांबायला वेळ घेतेय."

"मग लवकर मार."

खोटं बोलताना माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मामानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घड्याळाकडे. ढब्यानं माझं ऐकलं. तो प्रत्येक वळणाआधी इतरांपेक्षा लवकर ब्रेक दाबायला लागला, गाडी हळुवार वळवायला लागला, आणि वळणातून बाहेर पडताना आधीच सरळ झालेला असायचा. बाकीचे शेवटच्या क्षणी ब्रेक दाबून टायर घासत होते. डांबर तापलं होतं. अर्धी शर्यत होईतो पुढच्यांच्या गाड्या वळणांवर सरकायला लागल्या आणि ढब्या एकेकाला गाठत सुटला. पंधरावा. बारावा. नववा. मामा प्रत्येक गाडीमागे मांडीवर थाप मारत होता.

माझी अवस्था कुणाला सांगायची? तो एकेक गाडी मागे टाकत होता आणि मी मनात म्हणत होते, पुरे, आता पुरे, सहावा छान आहे. लाउडस्पीकरवरचा माणूस घसा फोडून ढब्या-ढब्या करत होता. कठड्यावरची माणसं उभी राहिली होती. माझा सख्खा भाऊ आयुष्यातली सगळ्यात देखणी शर्यत चालवत होता आणि तो हरावा म्हणून आख्ख्या मैदानात फक्त मी झुरत होते.

तो पाचवा असताना हजेरी आली नाही.

मी बटण दाबलं. "ढब्या." काही नाही. "ढब्या, हजेरी." नुसती खरखर. गाडी समोरच्या सरळ रस्त्यावरून गेली तेव्हा मला काचेतून त्याचं हेल्मेट दिसलं, एका बाजूला कललेलं. मी म्हटलं, आत ये. पुन्हा म्हटलं. मामाचा हात माझ्या खांद्यावर होता. तो सबंध लॅप कसा गेला ते मला आठवत नाही.

"ओकलो," रेडिओवर आवाज आला. "हेल्मेटमध्ये. बोलता येत नव्हतं. हजर."

"आत ये."

"चौथा झालोय. पुढे तिघंच आहेत, ताई."

"मी सांगतेय, आत ये."

"घरी गेल्यावर मार."

मी तशीच उठून नियंत्रण कक्षाकडे निघाले. आमचा ड्रायव्हर आजारी आहे, काळा झेंडा दाखवा, एवढं म्हटलं की त्यांनी थांबवलं असतं. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मी अडकले. त्याच्या जीवावर बेतेल म्हणून मी चालले होते, की तो जिंकेल म्हणून, ते माझं मलाच कळेना. खरंच जीवासाठी थांबवायचं होतं तर काल तंबूतच थांबवता आलं असतं. काल मी शिसं लावत बसले होते. मी पायरीवरून पाय काढला. परत आले तेव्हा मामानं इअरफोन माझ्या कानाला लावला.

"हजर," ढब्या म्हणाला. "दुसरा."

दुसरा. माझा जीव जरा भांड्यात पडला. दुसरा तर तो नेहमीच असतो. पुढे फक्त लाल गाडी होती, तीन वर्षं ओळीनं जिंकणारी, आणि दोनच लॅप उरले होते. देवा, हे असंच राहू दे, मी म्हटलं. ह्याला याची सवय आहे.

शेवटच्या लॅपला शेवटचं वळण. लाल गाडीवाल्यानं आतली बाजू अडवून धरली होती आणि ढब्या तिच्या मागच्या बंपरला चिकटलेला. मला वाटलं, हा आता घुसणार, दोघं ठोकणार. पण ढब्यानं दिवसभर केलं तेच केलं, लवकर ब्रेक दाबला. लाल गाडीवाल्यानं घाबरून तो फार उशिरा दाबला. त्याच्या टायरांत काही उरलं नव्हतं. चाकं अडकली, धूर निघाला आणि लाल गाडी सरळ बाहेर सरकत गेली. मोकळ्या झालेल्या आतल्या बाजूनं ढब्या आला, सावकाश वाटावं इतक्या नीट, आणि अर्ध्या गाडीच्या फरकानं पहिला झाला.

मामा रडायला लागला. शेजारच्या तंबूतले लोक येऊन मला मिठ्या मारत होते, आनंदाश्रू म्हणून माझे डोळे पुसत होते. मी हरले होते. मी टायरांच्या चळतीवर बसले आणि मंगळवारचा विचार करायला लागले.

शर्यत संपल्यावर सगळे ड्रायव्हर एक लॅप सावकाश मारतात आणि मुद्दाम कडेकडेनं जातात. तिथे टायरांचे झिजलेले तुकडे पडलेले असतात, ते चाकांना चिकटतात आणि काट्यावर तेवढंच थोडं वजन जास्त भरतं. कालचा मार खाल्लेला ढब्या तेच करायला लागला.

"कचरा गोळा करत बसू नकोस," मी म्हटलं. "सरळ ये. गरज नाही."

त्यानं विचारलं, "गरज का नाही?"

मी इअरफोन काढला आणि काट्याकडे निघाले.

काट्याचा नियम असा आहे की आकडा लागेपर्यंत गाडीला आणि ड्रायव्हरला कोणी बोटही लावायचं नाही. पाणी द्यायचं नाही, धक्का द्यायचा नाही. ड्रायव्हरनं स्वतः गाडी काट्यावर चढवायची. सगळे दोरीच्या बाहेर. ढब्याची गाडी आली, पुढची चाकं पत्र्यावर चढली आणि इंजिन बंद पडलं. काटेवाले म्हणाले, पुढे घ्या. गाडी हलली नाही. काचेतून दिसलं, त्याचं डोकं स्टिअरिंगवर टेकलं होतं.

मी दोरी हातात धरली.

"ताई," काटेवाले हळूच म्हणाले, "आत आलात तर मला निकाल रद्द करावा लागेल. माझा नाइलाज आहे."

एक पाऊल. तेवढं टाकलं की माझा भाऊ माझ्या हातात होता आणि त्याचं जिंकणंही पुसलं जाणार होतं. कोणी मला नावं ठेवली नसती. आजारी भावाला बहिणीनं धरलं, यात कुणाला काय दिसणार? मला दोन दिवस जे हवं होतं ते दोरीच्या पलीकडे पडलं होतं. मी दोरी उचलली आणि खाली वाकले.

ढब्यानं डोकं वर केलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं. थांब.

मी थांबले. माझ्या आयुष्यात इतकं अवघड काही मी केलेलं नाही. त्याचा हात चावीकडे गेला, इंजिन दोनदा खोकलं, लागलं, आणि मागची चाकं पत्र्यावर चढली.

काटेवाल्यांनी आकडा बघितला, मग वाकून पुन्हा बघितला. "ताई, हे काय? आठ किलोंच्या वर जास्त आहे. काल कमी पडलं म्हणून इतकं घालायचं?" त्यांनी मान हलवली. "असो. नियमात बसतंय. निकाल कायम. जा आता, धरा त्याला."

मी दार उघडलं. ढब्यानं हेल्मेट काढलं होतं. चेहरा पांढराफटक, हनुवटीला सगळं लागलेलं, आणि डोळे माझ्यावर रोखलेले. त्यानं ऐकलं होतं.

"आठ किलो?"

"हो."

"चुकून?"

"माझी चूक होते का कधी?"

तो बघत राहिला. मी टॉवेल काढून त्याचं तोंड पुसायला लागले, म्हणजे मला त्याच्याकडे बघावं लागणार नव्हतं. "तू जिंकू नयेस म्हणून," मी म्हटलं. "जिंकायचं राहिलं असतं तर तू परत आला असतास. चौथ्या चाकासाठी आलास तसा. मला तू परत यायला हवा आहेस, ढब्या. मला बाकी काही कळत नाही."

त्याला हसू आलं. हसताना पोटात कळ आली, म्हणून त्यानं पोट धरलं आणि तरी तो हसत होता. मग थांबला. सीटच्या कडेखाली हात घालून त्यानं पट्ट्या चाचपल्या, एकामागून एक, जणू त्यालाच मोजायच्या होत्या.

"म्हणजे एवढं ओझं घेऊन मी हे केलं," तो म्हणाला.

"हो."

"मग हे धरायचं नाही."

"काय धरायचं नाही?"

"हे जिंकणं. ही काय बरोबरीची रेस झाली का? तू माझा पाय धरून बसली होतीस." त्याचा आवाज खोल गेला होता, पण त्यात जुनी चडफड होती, अगदी हवी तशी. "हे काढल्यावर गाडी कशी पळते ते मला बघायचंय. सील तोडू नकोस. गाडी झाकून ठेव. ते बोल्ट मी काढणार, माझ्या हातानं."

मी त्याला काखेत हात घालून उचललं. मामा दुसऱ्या बाजूनं आला, पण त्याची गरज नव्हती. ढब्या मला एकटीला उचलता आला.

आज मंगळवार आहे. सकाळी आत नेताना त्यानं मला जवळ बोलावलं आणि तेरा नंबरचा पाना कुठे आहे विचारलं. मी पर्समधून काढून दाखवला. "हरवू नकोस," तो म्हणाला. नर्सनं त्याची गाडी ढकलली आणि दार मिटलं. दुपार झाली, दार अजून मिटलेलंच आहे. आतून एक जण धावत बाहेर आला आणि काहीतरी घेऊन धावतच परत गेला. आमच्याकडे त्यानं बघितलं नाही. मी पाना हातात घट्ट धरून बसले आहे, तळहाताला त्याचा वण उठलाय. मामा शेजारी बसून समोरच्या भिंतीकडे बघतोय. मघापासून तो चौथ्यांदा तेच विचारतोय.

"गाडी नीट झाकलीस ना?"

"झाकली."

"आणि शिसं?"

"आहे तिथेच आहे, मामा. त्याला हात लावायची कुणाची टाप आहे?"